पाटीवर नसलेला आकडा



सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या भागांत फिरताना एखाद्या गावच्या चावडीच्या भिंतीत, शाळेच्या पडवीत नाहीतर देवळाच्या आवारात बसवलेली संगमरवरी पाटी तुमच्या नजरेला पडली असेल. इंग्रजांच्या काळातली. अक्षरं पुसट झालेली, वरून दोन-चार वेळा चुना मारलेला. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतकी माणसं गेली आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. दोन आकडे. बहुतेक पाट्यांवर नावंसुद्धा नाहीत.

आमच्या गुरुजींनी एकदा आम्हा पोरांना अशा पाटीपुढे उभं करून वजाबाकी घातली होती. गेलेल्यांतून मेलेले वजा करा. उत्तर आलं तसे गुरुजी म्हणाले, "एवढे परत आले." एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, परत आले ते कसे आले?" गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते पाटीवर नाही. ते घरी आज्यांना विचारा."

आज मी त्या परत आलेल्या माणसांबद्दल बोलणार आहे. कुणाचा पाय गेला, कुणाचा हात, कुणाची झोप. गेलेल्यांना आपण हार घालतो, ते बरोबरच आहे. पण परत आलेल्यांना सांभाळावं लागतं, आणि तो सांभाळ वर्षानुवर्षं चालतो. तो कुणी केला, सरकारला त्याची जाग केव्हा आली, आणि अजून कुठे कमी पडतंय, हा आजचा विषय.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करू. तेव्हा हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. त्यांतली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला आज सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. त्या युद्धात आपले ४६ जवान कामी आले, असं ते गाव सांगतं. तिथे घरटी एक माणूस फौजेत, ही रीत पुढेही चालू राहिली.

आपल्या भागातले पुष्कळ शिपाई गेले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे कुत नावाच्या गावात सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आलं, घोडे मारून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या कितीतरी शिपायांनी ते मांस खाल्लं नाही. भाजीपाला नाही म्हणून हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत हजारो माणसं मेली. यातून जी घरी आली, त्यांची अवस्था काय असेल, याचा विचार करा.

पायदळातल्या साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना अकरा रुपये होता. तो घरी पाठवायचा, त्यावर सावकाराचा हप्ता आणि बियाणं भागवायचं. शेत बाईनं करायचं, गुरं बाईनं बघायची. आणि माणूस जायबंदी होऊन आला की त्यालाही बाईनंच बघायचं. जखमी शिपायाला ठरलेलं पेन्शन मिळे. पण एक हात गेलेल्या माणसानं औत कसं धरायचं, याचं उत्तर पेन्शनच्या कागदात नव्हतं.

ते उत्तर शोधायचा पहिला मोठा प्रयत्न १९१७ मध्ये मुंबईत झाला. गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं जायबंदी शिपायांसाठी 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' ही शाळा निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. हातापायानं अधू झालेल्या शिपायाला तिथे एखादा हुन्नर शिकवायचे, म्हणजे तो बसून का होईना, कमावता होईल. इंग्रजांचा त्यात स्वार्थही असणार. १९१७ मध्ये लढाई चालूच होती, भरती चालूच होती. पाय तुटलेला शिपाई गावच्या वेशीवर भीक मागताना दिसला, तर दुसरा कोण भरती होईल? स्वार्थातून का असेना, एक गोष्ट मान्य झाली: जखमी माणसाच्या हातात पैसे ठेवले म्हणजे काम संपत नाही, त्याला पुन्हा उभं करावं लागतं. ती संस्था आजही खडकीला आहे.

त्याच युद्धात डॉक्टरांना आणखी एक दुखणं दिसलं. अंगावर जखम नाही, पण माणूस थरथरतोय, बोलत नाही, रात्री ओरडत उठतो. १९१५ मध्ये त्याला 'शेल शॉक' हे नाव डॉक्टरी लिखाणात आलं. आपल्याकडे मात्र अशा माणसाला 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणायचे, नाहीतर 'बाहेरचं लागलंय' म्हणून देवऋषाकडे न्यायचे. घरच्या बाईला कुणीच सांगितलं नाही की हे युद्धाचं दुखणं आहे, तिच्या स्वयंपाकाचं किंवा पायगुणाचं नाही.

आता १९४४ साली येऊ. दुसरं महायुद्ध चाललेलं. या एका वर्षातल्या, महाराष्ट्राशी जोडलेल्या तीन गोष्टी आपल्या विषयाच्या अगदी जवळच्या आहेत.

पहिली १४ एप्रिलची. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी कापसानं पेट घेतला. आगीचे बंब आले, जवान पाण्याचे पाइप घेऊन जहाजाला भिडले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. भोवतालच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसं मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान एका दुपारी गेले. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, समोर शत्रू नव्हता. सगळे जिवाच्या भीतीनं ज्या बाजूनं पळतात, त्या बाजूला जायचं, हे त्यांचं काम. त्यांची आठवण म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो. आपल्याकडे तो बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. सकाळी जयंतीला जमलो, की त्या ६६ जणांसाठीही एक मिनिट उभं राहता येईल.

दुसरी गोष्ट पुण्याची. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. लढाईत हात-पाय गमावलेल्या जवानांना तिथे नवा हात-पाय बसवून देतात. लष्कराबाहेरच्या लोकांनाही तिथे अवयव बसवून मिळाले आहेत. लाकडी पाय ऐकायला सोपा वाटतो. पण उरलेल्या पायाचं माप घ्यायचं, त्याचा साचा करायचा, त्यात तो नीट बसतो का बघायचं, मग चालायला शिकायचं. वर्षा-दोन वर्षांत उरलेला पाय बारीक होतो, की साचा सैल पडतो आणि पुन्हा पुण्याला जावं लागतं. म्हणजे हे एकदाचं काम नाही, जन्माचं येणं-जाणं आहे.

तिसरी गोष्ट जुलैची. रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलैला इटलीत लढताना कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघं बावीसच्या आसपास. पदक आलं ते त्यांच्या तरुण पत्नीच्या हातात. पराक्रमाच्या गोष्टीत आपण पदकापाशी थांबतो. ते हातात घेतलेल्या बाईचं पुढचं सगळं आयुष्य त्यानंतर सुरू होतं.

स्वातंत्र्यानंतर आपलं सरकार आलं. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतात. शाळेत, कचेरीत छातीला लावायला छोटा झेंडा देतात आणि आपण डब्यात पैसे टाकतो, तो हाच दिवस. तो पैसा शहिदांच्या पत्नी, जायबंदी जवान आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी असतो.

मग १९६५ आणि १९७१ ची युद्धं झाली. १९६५ च्या युद्धात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचा एक तरुण जवान गोळ्यांनी जायबंदी झाला. एक गोळी पाठीच्या कण्यात. कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्यांचं नाव मुरलीकांत पेटकर. आधी ते मुष्टियोद्धे होते. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं आणि ते पोहायलाच लागले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये किती वर्षं गेली, ती वजाबाकी तुम्हीच करा.

पाठीचा कणा गेलेल्या जवानांसाठी १९७४ मध्ये खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघालं. कण्याच्या दुखापतीत पाय चालत नाहीत हे आपल्याला दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की त्या अंगाला जाणीवच नसते. एका कुशीवर फार वेळ राहिलं तर कातडी झिजून जखम होते आणि माणसाला कळतही नाही. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. लघवीची नळी स्वच्छ ठेवावी लागते, नाहीतर जंतू मूत्रपिंडापर्यंत जातात. केंद्रात हे काम पाळीनं होतं. घरी पाळी नसते. घरी एकच बाई असते आणि पहाटे तिला धारही काढायची असते.

विधवांची कहाणी आणखी वेगळी. १९७१ च्या युद्धानंतर मोहिनी गिरी यांनी १९७२ मध्ये युद्धविधवांची संघटना उभी केली, कारण पेन्शन असूनही या बायकांचं ऐकणारं कुणी नव्हतं. कुठे दीर पैसे घेतो, कुठे सासरा अंगठा उठवून घेतो. आणि सरकारी नियमही कसे होते, तेही ऐका. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता जवानाच्या मागे त्याच्या पत्नीला मिळे. पण तिनं दुसरं लग्न केलं तर तो बंद. फक्त दिराशी लग्न केलं तरच चालू. म्हणजे नवऱ्याच्या पराक्रमाचा मान तिला हवा असेल, तर तिनं त्याच घरात राहायचं. ही अट कितीतरी दशकं चालली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारनं ती काढून टाकली. आता तिनं कुणाशीही लग्न केलं तरी तो भत्ता तिचा. मैत्रिणींनो, ही बातमी आपल्या कितीजणींपर्यंत पोचली?

आता माझ्या माहेरची एक गोष्ट सांगते. शेजारी एक आबा होते. १९७१ च्या लढाईत सुरुंगावर पाय पडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याहून नवा पाय बसवून आले आणि त्या पायावर त्यांनी चाळीस वर्षं बांध तुडवले. गाव त्यांना १५ ऑगस्टला झेंड्यापाशी पुढे बसवायचं. आमच्या आक्का, म्हणजे त्यांच्या मालकीण, रोज तिन्हीसांजेला कंदील जवळ घेऊन तो पाय उतरवायच्या, उरलेल्या पायावर कुठे लाल झालंय का बघायच्या, कोमट पाण्यानं पुसून कोरडं करायच्या. चाळीस वर्षं, रोज. झेंड्यापाशी आक्कांना कधी कुणी खुर्ची दिली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही.

आबा गेले आणि आक्कांचं पेन्शन अडलं. कारण काय, तर नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. फौजेच्या कागदावर आक्कांचं माहेरचं नाव होतं, आधार कार्डावर सासरचं. कचेरीतला माणूस म्हणाला, "ही बाई तीच कशावरून?" चाळीस वर्षं जिनं पाय उतरवला, तिला ती तीच आहे हे सिद्ध करायला चौदा महिने लागले. शेवटी गावच्या बचत गटातल्या दोघी तिच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी गेल्या, प्रतिज्ञापत्र केलं, कागद जुळवले, तेव्हा पैसे सुरू झाले.

अलीकडची एक आठवण सांगून कामाच्या गोष्टीवर येते. २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबईची रात्र आपण कुणी विसरलो नाही. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर ज्यांनी हातातल्या काठीनिशी पुढे होऊन अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या, ते तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. त्यांनी बंदूक सोडली नाही म्हणून तो अतिरेकी जिवंत सापडला. पुष्कळांना माहीत नसतं की ओंबळे आधी सैन्यात होते. सिग्नल कोअरमधून निवृत्त होऊन ते १९९१ मध्ये मुंबई पोलिसात दाखल झाले. म्हणजे एकाच माणसानं दोनदा अंगावर वर्दी चढवली. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. सैनिक, पोलीस, आगीच्या बंबावरचा जवान ही नावं आपण वेगवेगळी घेतो, पण गावाकडून बघितलं तर ती एकाच घरातली, एकाच भावकीतली पोरं असतात.

मग आपण काय करायचं? मी चारच गोष्टी सांगते.

पहिली, नाव. ज्यांच्या घरात माजी सैनिक आहेत, त्यांनी पेन्शनचा आदेश, म्हणजे ज्याला पीपीओ म्हणतात, तो काढून बघा. त्यावर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का? नसेल तर माणूस हयात असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि दुरुस्ती करून घ्या. मागाहून हेच काम दहापट जड जातं. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा असतो, त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरी, औषधपाणी. पेन्शन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी २००३ पासून 'ईसीएचएस' नावाची आरोग्य योजना आहे. पत्नीचंही कार्ड निघतं. कितीतरी घरांत नवऱ्याचं कार्ड आहे आणि बायको मात्र गुडघेदुखीवर उसनवारीनं गोळ्या घेते.

तिसरी, मन. घरातला माणूस रात्री दचकून उठत असेल, फटाक्याच्या आवाजानं घाम फुटत असेल, उगाच हात उगारत असेल, दारूत बुडत असेल, तर हे जुनं दुखणं असू शकतं आणि त्याला उपचार आहे. 'टेली मानस' नावाची सरकारी सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि एक लक्षात ठेवा: दुखणं समजून घेणं वेगळं आणि मार खाणं वेगळं. मार खाणं हा सेवेचा भाग नाही. तो फोन तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

चौथी, सोबत. ज्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, त्या घरी गटातल्या दोघींनी आठवड्यातून एक दुपार जायचं. तुम्ही कूस बदला, तोवर त्या घरच्या बाईला दोन तास झोपू द्या, नाहीतर बाजार करून येऊ द्या. यासाठी ना अर्ज लागतो, ना निधी. शंभर वर्षांत सरकारनं शाळा काढली, अवयव केंद्र काढलं, दवाखाने काढले. दोन तासांची झोप मात्र कुठल्याच योजनेत नाही. ती शेजारीणच देऊ शकते.

शेवटी एक गृहपाठ. गटाच्या वहीत मागचं एक पान मोकळं ठेवा. आपल्या गावातून सैन्यात, पोलिसात, अग्निशमन दलात कोण कोण गेलं, कोण गेल्यावर परत आलं नाही, आणि परत आलेल्यांना कुणी सांभाळलं, असे तीन रकाने करा. पहिले दोन रकाने इंग्रजांनी दगडावर कोरले होते, तेही नुसत्या आकड्यांत. तिसरा आपण लिहू. आकडा नको, नावं लिहा. म्हाताऱ्या आज्यांना विचारा, त्यांना आठवतं. आणि येत्या ७ डिसेंबरला ती नावं ग्रामपंचायतीत उभं राहून वाचा.

आमच्या आक्कांचं नाव मी माझ्या वहीत लिहिलंय. दोन्ही नावं लिहिली आहेत, माहेरचं आणि सासरचं, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको की ही बाई तीच कशावरून.